पांढरीवरची चेंडूमंडळी

मी अकोल्यास पाच वर्षे होतो. त्यांतली जवळजवळ तीन एका साहेबाला मराठी शिकवण्यात गेली. घर अमरावतीचे, वडील याज्ञिकी करीत. मला मात्र मामांनी नागपूरला ठेवून घेऊन थोडे इंग्रजी शिकवले होते, आणि तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला मोठा दुभाष्या समजत होतो. वय चोवीस. मनात एकच होते की साहेबाची शिफारस मिळवावी आणि अमरावतीच्या शाळेत मास्तर होऊन घरी परतावे.

साहेब रेल्वेच्या पुलाचे काम बघे. सकाळी त्याच्या ओसरीवर तास दीड तास धडा, मग दिवसभर कामावर त्याच्या मागे उभे राहून गवंडी, बेलदार, गाडीवान यांच्याशी बोलणे. अमेरिकेत लढाई पेटली होती आणि विलायतेला आमच्या कापसावाचून दुसरा कापूस उरला नव्हता. मोर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जिथे नजर जाईल तिथे कापसाची पऱ्हाटी. पूर्वी दिवाळीनंतर माणूस बुडेल एवढी ज्वारी उभी असे, ती दोन सालांत दिसेनाशी झाली. रस्त्यांवर गाड्यांची रीघ, झाडाझुडपांना लटकलेली रुई. बाजारातल्या लोकांच्या अंगावर नवे शेले आले, हे मी पाहत होतो. ज्वारी नाही तर तिच्या साठवणीच्या जागांचे काय होत असेल, हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही.

साहेब मोठ्या घराण्यातला नव्हता. त्याचे गाव लोखंडाच्या कारखान्यांचे. तिथल्या कारकुनांनी आणि कारागिरांनी मिळून चेंडू लाथाडण्याच्या खेळाची एक मंडळी काढली होती, आणि तो तिचा पहिल्यापासूनचा गडी. त्या मंडळीचा त्याला जो अभिमान होता तो मी पुढे कोणाला आपल्या कुळाचाही बाळगताना पाहिला नाही. अकोल्यात रेल्वेचे, रुईच्या खरेदीचे, दवाखान्याचे असे पंधरा-सोळा गोरे जमल्यावर त्याने इथेही तशीच मंडळी काढायचे ठरवले. एक वही केली, तिच्यात नियम लिहिले. त्यांचे मराठी करणे हाच माझा आणि त्याचा आठवड्याचा धडा झाला. गावातल्या चांभाराने कातड्याचा चेंडू शिवला, आत बकऱ्याच्या मूत्राशयाचा फुगा भरला. मी तो हातात धरत नसे. साहेबाच्या ते लक्षात आले होते.

पहिला खेळ झाला बंगल्यामागच्या काळ्या शेतात. पाऊस संपून दोन महिने झाले होते आणि जमीन तडकू लागली होती. आमच्या काळ्या मातीला अशा भेगा पडतात की त्यांत गाईचा खूर अडकतो. अर्धा तासही झाला नसेल, तोच पुलावरच्या एका गोऱ्या मुकादमाचा पाय धावता धावता भेगेत गेला आणि त्याची नडगी मोडली. त्याला खाटेवर घालून नेले तेव्हा तो कण्हतही नव्हता, नुसता आपल्या पायाकडे बघत होता. साहेबाने त्याच संध्याकाळी मला सांगितले, भेगा पडत नाहीत अशी जागा शोध.

अशी जागा मला ठाऊक होती. अर्ध्या कोसावर एक लहान गाव होते, आणि त्याच्या कडेला जुन्या वस्तीची पांढरी. शेताची ती काळी आणि गाव वसते ती पांढरी, असे आपल्याकडे म्हणतात. पांढरी उंचावर असते, तिच्यात पाणी मुरून राहत नाही आणि तिला भेगा पडत नाहीत. ती जागा तर ओट्यासारखी सपाट होती, वर खुरटे गवत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घराण्याची ती. त्या गावची पाटिलकी दुसऱ्यांकडे होती, पण मी त्यांना मानाने पाटील म्हणे आणि ते मला मास्तर म्हणत.

आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. साहेब घोड्यावरून उतरला, पांढरीवरून चालत गेला, टाच आपटून पाहिली आणि लहान मुलासारखा हसला. म्हातारे डोक्याचा फेटा सोडून पुन्हा बांधत होते. त्यांना जागा द्यायला हरकत नव्हती. फक्त ते सावकाश, मला नीट कळावे असे बोलले.

"मास्तर, सायबाले सांगा, वरतून हे जागा फरशीवानी दिसते, पण तिकडच्या अंगाले खालते तीन पेवं हायेत. दोन सालापासून जुवारी नाही भरली त्याइच्यात. कोनी उघडून पायलं नाही. वरच्या फळ्या कुजल्या असतीन. माणूस चालला तं काही होत नाही, पण धावू नका म्हना तिकडं."

पेव म्हणजे धान्य ठेवायचे भुयार. वर माणूस उतरेल एवढे तोंड, खाली रांजणासारखे पोट, दोन पुरुष खोल. तोंडावर फळ्या टाकून माती लिंपतात, आणि वर्षभराने गवत उगवले की घरच्या माणसाशिवाय कोणाला जागा सांगता येत नाही. मला हे सगळे ठाऊक होते. मला ठाऊक नव्हता तो पेवाला इंग्रजी शब्द.

साहेब माझ्याकडे वळून थांबला होता. मी शब्द शोधला. विहीर म्हणावे तर पाणी नाही, तळघर म्हणावे तर घर नाही. ऊन डोक्यावर होते. आदल्याच दिवशी त्याने माझ्या इंग्रजीची डॉक्टरापाशी तारीफ केली होती. मी म्हणालो, "तो म्हणतो, जागा वापरा, पण जपून वापरा." साहेबाने मान हलवली, म्हाताऱ्यांना सलाम केला, आणि म्हाताऱ्यांनी समाधानाने मला विचारले की सांगितले ना सगळे. मी म्हटले, हो पाटील.

एवढेच झाले. मी त्या वाक्यावर आयुष्यात किती वेळ घालवला आहे ते सांगून उपयोग नाही.

म्हाताऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी पेवांच्या अंगाला बाभळीच्या काट्यांची ओळ घातली. साहेबाला वाटले, गुरे येऊ नयेत म्हणून घातली असेल. पहिला हिवाळा त्या ओळीच्या अलीकडे खेळ चालला. दर रविवारी उन्हे उतरली की गोरे जमत, अर्ध्यांच्या अंगात तांबडे सदरे, अर्ध्यांच्या पांढरे. गावकरी बांधावर बसून बघत. म्हाताऱ्यांचा एकुलता एक मुलगा तिशीचा, उंच आणि काटक. एक दिवस गोऱ्यांत दोन माणसे तापाने आजारी होती, गडी कमी पडत होते. साहेबाने त्याला हाताने बोलावले. तो अनवाणी खेळला, आणि त्याच्यामागे कोणी धावू शकले नाही. पुढे दर रविवारी तो असेच. साहेब त्याला तांबडा सदरा देऊ लागला. म्हाताऱ्यांना हे आवडत नव्हते असे नाही. सून मात्र बांधावर येत नसे, आणि एकदा पाणी द्यायला आली तेव्हा पांढरीवर पाय न ठेवता कडेने वळसा घालून गेली. ते मी पाहिले.

त्या हिवाळ्याच्या शेवटी साहेबाचे मराठी चांगले सुधारले होते. मी त्याला म्हटले, आता एखादी लांब हकीकत सांगा, मी मध्ये बोलणार नाही. त्याने आपल्या गावच्या मंडळीची हकीकत निवडली. अडखळत, चुकत, पण सबंध सांगितली. पहिल्यांदा ते एका देवळाशेजारच्या कुरणात खेळत. तिथला धर्माधिकारी रविवारच्या आरड्याओरड्याला कंटाळला आणि त्याने हाकलले. मग कातडी कमावणाऱ्याच्या मागच्या आवारात, तिथे वासाने समोरचे गडी यायला तयार होईनात. बड्या शाळांतून आलेल्यांच्या मंडळ्या या लोकांशी खेळतच नसत, तेव्हा हे आपसांतच दोन भाग करून खेळत. तिसरी जागा उत्तम मिळाली. हिरवी, सपाट. तिच्यावर त्यांनी दोन वर्षे काढली.

"मग ती जागा सोडली," साहेब म्हणाला. "खाली जुनी कोळशाची खाण. एक सकाळी जमीन खाली गेला. एक घोडा गेला. आम्ही नंतर तिथे एक दिवस पण नाही खेळला."

त्याने जमीन खाली गेल्याचे दोन्ही हातांनी दाखवले. मी त्याचे लिंग आणि वचन दुरुस्त केले. जमीन गेली, खेळलो नाही.  पेवाला शब्द हवा होता तो समोर पडला होता. खालून पोकळ, एवढे म्हटले असते तरी हा मनुष्य घोड्यावर बसून तडक दुसरी जागा पाहायला गेला असता. अजूनही म्हणता आले असते. पण म्हणजे इतके दिवस का बोलला नाहीस, हा प्रश्न येणार. अमरावतीच्या शाळेसाठी त्याने लिहिलेले पत्र त्याच आठवड्यात जायचे होते. मी धड्याची वही मिटली आणि उद्या पुढचे घेऊ म्हणालो.

त्यानंतरचा पावसाळा जोराचा झाला. मोर्णा दोनदा पुलाच्या कामावरून गेली. भाद्रपदात मी काही निमित्ताने त्या गावी गेलो आणि मुद्दाम पांढरीवर चढलो. बाभळीच्या काट्या पाण्याने वाहून एका बाजूला जमा झाल्या होत्या. त्यांच्या पलीकडे गवतात परातीएवढा खळगा पडला होता आणि त्यात पाणी साचले होते. मी उभा असतानाच ते पाणी हळूहळू कमी होत गेले आणि नाहीसे झाले. खळग्यातून एक आंबूस वास येत होता, कणीस कुजल्यासारखा. मी म्हाताऱ्यांना सांगायला त्यांच्या घरी गेलो तर ते लेकीकडे मूर्तिजापूरकडे गेले होते. मुलगा सरकी पाखडत होता. त्याला मी खळग्याचे सांगितले. तो म्हणाला, माती टाकून देतो. पेवाचे विचारले तर म्हणाला की आता ज्वारी लावतो कोण, पेवे लागतात कोणाला.

दुसऱ्या हिवाळ्यात गोरे वाढले. रुई घ्यायला मुंबईकडून नवे लोक आले होते, आणि साहेबाला मैदान मोठे हवे झाले. त्याच्या बेलदारांनी उरल्यासुरल्या काट्या उचलून टाकल्या, खळग्यातली माती ठोकून सपाट केली आणि त्या अंगाला दोन बांबू रोवले. म्हातारे अजून परतले नव्हते. मी एक प्रयत्न केला. साहेबाला म्हटले, तिकडे साप फार आहेत, जुन्याच जागेत खेळावे. साहेबाने माणसे लावून गवत झोडपून घेतले. एकही साप निघाला नाही. तेव्हा तो माझ्या खांद्यावर हात ठेवून हसला. मीही हसलो.

चार रविवार काही झाले नाही. मी बांधावर बसून खेळ पाहत नसे, पावले ऐकत असे. अलीकडे दणदण आवाज येई. पलीकडे बांबूंजवळ तोच आवाज भरीव न येता, रिकाम्या पेटीवर मूठ मारावी तसा येई. शेजारी बसलेले कोणी ते ऐकत होते की नाही, ठाऊक नाही. मी कोणाला विचारले नाही.

पाचव्या रविवारी, सूर्य अजून हातभर वर होता, रुई खरेदी करणारा एक तरुण गोरा चेंडूमागे बांबूंकडे धावला आणि दिसेनासा झाला. ओरडला नाही. धूळ उडाली, खाली जड काही पडल्याचा आवाज आला, आणि सगळे जिथल्या तिथे उभे राहिले. मग धावले. जमिनीत काळे तोंड उघडले होते, आणि तोच आंबूस वास, आता दाट. आत दोन पुरुष खाली तो पालथा पडलेला दिसत होता. हात हलत होते.

म्हाताऱ्यांचा मुलगा सगळ्यांच्या आधी पोचला. त्याने बैलगाडीचा दोर आणवला, एक टोक गाडीला बांधले आणि दुसरे हातात धरून सरसर उतरला. पेवात उतरण्याआधी दोरीला दिवा बांधून खाली सोडतात, दिवा विझला तर कोणी उतरत नाही, हे त्या घरात जन्मलेल्याला मी सांगायला नको होते. पण घाईत त्याला आठवले नसेल. मला आठवले. माझे तोंड उघडले होते आणि आवाज निघाला नाही. दिवा म्हणालो असतो तर या जागेखाली काय आहे ते मला माहीत होते असे झाले असते. एवढा हिशेब त्या क्षणीही मन करू शकते, हे मी स्वतःत पाहिले आहे.

त्याने गोऱ्याच्या काखेखालून दोर बांधला आणि वर पाहून हात केला. लोकांनी ओढले. गोरा वर आला, निळा पडलेला, पण छाती हलत होती. डॉक्टर त्याच्यावर वाकला. दोर पुन्हा खाली सोडला. मुलाने तो धरायला हात वर नेला, मग बसला, जणू थकून बसावे तसा, आणि भिंतीला डोके टेकले.

साहेबाने कोट काढून दोर कमरेला बांधायला घेतला. तेव्हा मात्र मी ओरडलो. आधी दिवा सोडा, विषारी हवा आहे, उतराल तर मराल. एकदम, अस्खलित इंग्रजीत. साहेब थांबला. कोणी कंदील आणला. तो अर्ध्यावर जाऊन विझला. घोंगड्या खालीवर हलवून हवा खेळवत आणि आकडे टाकत आम्ही तासभर घालवला. तांबडा सदरा आकड्यात अडकून तो वर आला तेव्हा त्याच्यात जीव उरला नव्हता. साहेबाने एकवार माझ्याकडे पाहिले.

म्हातारे तिसऱ्या दिवशी आले. आम्ही ओसरीवर होतो. धडा नव्हताच, साहेब नुसता बसून होता. म्हातारे पायरीखाली उभे राहिले. वर या म्हटले तर आले नाहीत. मुंडासे नव्हते, डोके नुकतेच भादरलेले. त्यांनी साहेबाकडे पाहिले आणि माझ्याशी बोलले.

"त्याले इचारा मास्तर. मी पेवाचं सांगतलं होतं. काट्या लावल्या होत्या. तरी कावून खेळले तठी? माह्या पोराले कावून नेलं?"

साहेब माझ्याकडे वळला. मी इंग्रजीत म्हणालो, "तो म्हणतो, देवाची इच्छा. मुलाचे काही सामान असेल तर मागतो आहे."

हे मी कधी ठरवले, मला सांगता येत नाही. ओठांनी ते आधीच जुळवून ठेवले होते.

 साहेब खुर्चीवरून उठून पायऱ्या उतरला आणि म्हाताऱ्यांसमोर उभा राहिला. त्याला मी तीन वर्षे शिकवले होते.

"मला सांगितला नाही," तो मराठीत म्हणाला. "पेव आहे, हे मला कोणी सांगितला नाही. हा मुन्शी सांगितला नाही."

म्हाताऱ्यांना पहिल्याने समजलेच नाही, गोऱ्याच्या तोंडून आपली भाषा येते आहे हेच त्यांना नवे होते. मग त्यांनी मान वळवली. ते मारतील असे मी धरून होतो. ते मला नुसते बघत होते, अनोळखी माणसाला बघावे तसे. शेवटी म्हणाले, "तुमी हो म्हनले होते." आणि गेले. साहेब त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चालत गेला. तो परत आला तेव्हा मी पायताणे घालून निघालो होतो. त्याने मला थांबवले नाही.

मंडळी त्या दिवसानंतर खेळली नाही. वहीचे काय झाले, मला कळले नाही. साहेब पुलाचे काम पुरे करून रुळांबरोबर मूर्तिजापूर, मग बडनेरा असा पुढे गेला. गावकऱ्यांनी तिन्ही पेवे दगडमातीने भरून काढली. दोन सालांनी अमेरिकेतली लढाई संपली, रुई कोणी विचारीना, आणि त्या भागात पुन्हा ज्वारी लागली. म्हाताऱ्यांनी ती कुठे साठवली असेल, मला माहीत नाही. मी त्या गावाकडे गेलो नाही.

साहेबाने लिहिलेले पत्र आधीच गेले होते, आणि त्याने ते मागे घेतले नाही. मला अमरावतीस मास्तरकी मिळाली. त्याने असे का केले, हे मी पुष्कळदा ताडून पाहिले. विसरला असेल. शाळेत मुलांना शिकवताना मला एखादा शब्द अडला तर मी अडला म्हणून सांगत असे, आणि वरचे अधिकारी त्याला माझा विनय समजत.

काही वर्षांनी कचेरीत दुभाष्याची जागा रिकामी झाली. मान मोठा, सासऱ्यांनी खटपट करून माझे नाव घातले होते. मी नको म्हटले. घरात त्यावरून महिनाभर अबोला चालला. शेवटी बायकोने एका दुपारी, भाजी निवडता निवडता, शांतपणे कारण विचारले, आणि मी तिला हे सगळे सांगितले. तिने पूर्ण ऐकून घेतले. मग विचारले, "त्या सुनेचं पुढे काय झालं?"

मला ठाऊक नव्हते. मी कधी चौकशीच केली नव्हती. तिने निवडलेली भाजी उचलली आणि आत गेली. कचेरीच्या जागेचा विषय तिने पुन्हा काढला नाही.